इन्क्रिप्शनवाली एसएसडी बंद पडली तर डेटा कसा वाचवायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हे वाचताना ती बिघडलेली एसएसडी अजून लॅपटॉपमध्ये किंवा यूएसबीला लावलेली असेल तर आधी मशीन बंद करा, मग पुढे वाचा. एसएसडीला नुसती पॉवर मिळाली तरी आत तिचं काही ना काही चालू होतं, जुने ब्लॉक पुसणं, डेटा एका जागेवरून दुसरीकडे हलवणं वगैरे, आणि आजारी ड्राइव्हला हेच झेपत नाही. हार्ड डिस्कचा निदान खरखर आवाज येतो, इथे तसलं काहीच नाही त्यामुळे आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. म्हणून आधी पॉवर काढायची.

आता मुद्द्यावर येतो. आजकालच्या बऱ्याच एसएसडी स्वतःच सगळा डेटा इन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलून, साठवतात आणि मालकाला ते माहीतही नसतं, कारण त्याने कधी पासवर्ड टाकलेलाच नसतो. मग ड्राइव्ह मेली की कोणीतरी सांगतं "चिप काढून वाचून देतो", लोक पैसे देतात, चिप निघते आणि हातात येतो तो निव्वळ कचरा. हे होऊ नये म्हणून आधी आतली रचना थोडी समजून घ्या, जास्त नाही, दोन मिनिटं लागतील, पण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत.

आत काय असतं

एसएसडीच्या बोर्डवर मुख्य दोन गोष्टी, एक कंट्रोलर आणि दुसरी नँड फ्लॅशच्या चिप्स. डेटा नँडमध्ये असतो पण तो सरळ ओळीने ठेवलेला नसतो, कंट्रोलर तो तुकडे करून वेगवेगळ्या चिप्समध्ये पसरवतो आणि कुठला तुकडा कुठे आहे त्याचा एक मोठा तक्ता ठेवतो, रिकव्हरीवाले त्याला ट्रान्सलेटर म्हणतात. शिवाय कंट्रोलरचं स्वतःचं फर्मवेअरसुद्धा (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) बहुतेक वेळा नँडमध्येच एका राखीव भागात असतं. त्यामुळे नँडचा नेमका तोच भाग खराब झाला की तुमच्या फायली शाबूत असूनही ड्राइव्ह उठतच नाही.

ज्या ड्राइव्हमध्ये इन्क्रिप्शन असतं तिथे कंट्रोलरच्या आत एईएसचं, म्हणजे इन्क्रिप्शनच्या एका प्रचलित पद्धतीचं, इंजिन बसवलेलं असतं. तुम्ही फाइल सेव्ह केली की ती या इंजिनातून जाऊन मग नँडमध्ये उतरते आणि वाचताना उलटं होतं. यासाठी वापरली जाणारी किल्ली ड्राइव्ह स्वतःच तयार करते आणि स्वतःकडेच ठेवते, ती बाहेर कधीच येत नाही. पासवर्ड लावला तर त्या पासवर्डने फक्त ही आतली किल्ली बंद होते, डेटा परत नव्याने इन्क्रिप्ट होत नाही, म्हणूनच पासवर्ड बदलायला एक सेकंद लागतो. आणि पासवर्ड लावलाच नाही तरी नँडमधला डेटा इन्क्रिप्टेडच असतो, फक्त कंट्रोलर कोणालाही न विचारता तो उघडून देतो. कंट्रोलर म्हणजे इथे एकटा दुभाषा आहे असं समजा, तो गप्प बसला तर चिपमधलं लिखाण जगात दुसऱ्या कोणालाच वाचता येत नाही.

म्हणून इथली रिकव्हरी म्हणजे चिपमधून डेटा उपसणं नव्हे, त्याच कंट्रोलरला निदान एकदा तरी बोलतं करणं. बोर्ड दुरुस्त करायचा, फर्मवेअरला वळसा घालायचा, काहीही करायचं पण वाचायचं त्याच्यातूनच.

एक खुलासा करतो, प्रत्येक एसएसडीत एईएस असतंच असं नाही. स्वस्तातल्या कितीतरी ड्राइव्हमध्ये नसतं, तिथे डेटा फक्त स्क्रॅम्बल केलेला असतो म्हणजे ठराविक पद्धतीने विस्कटलेला, आणि ते चांगल्या लॅबला परत सरळ करता येतं. तिथे चिप काढून वाचण्याला अर्थ आहे. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते मॉडेल आणि कंट्रोलरच्या नंबरवरून ठरतं, त्यामुळे लेबलचा आणि बोर्डचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढून ठेवा. लेबल खरवडून काढू नका, त्यावर कामाचे नंबर असतात.

हे कुलूप नक्की कोणाचं

इथे नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण कुलपं दोन असू शकतात. एक ड्राइव्हच्या आतलं, जे वर सांगितलं, त्यात ओपल (ड्राइव्हच्या आतल्या इन्क्रिप्शनचं एक स्टँडर्ड) किंवा बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधला) हार्ड डिस्क पासवर्ड असे प्रकार आहेत. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे विंडोजमधलं बिटलॉकर, मॅकवरचं फाइलव्हॉल्ट, लिनक्सचं लक्स. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि ड्राइव्ह दुरुस्त झाली तरी दुसरं कुलूप तसंच राहतं.

बिटलॉकर पूर्वी ड्राइव्ह स्वतः इन्क्रिप्शन करते असं दिसलं की सगळं काम तिच्यावरच सोडून द्यायचं. २०१८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की क्रुशल आणि सॅमसंगच्या काही मॉडेल्समध्ये हे आतलं इन्क्रिप्शन पासवर्डशिवायही उघडता येतं, काहींमध्ये तर पासवर्डचा आणि किल्लीचा एकमेकांशी संबंधच नव्हता. त्यानंतर सप्टेंबर २०१९ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने बदल केला आणि नव्याने बिटलॉकर लावताना आपोआप सॉफ्टवेअरवालं इन्क्रिप्शन वापरलं जाऊ लागलं. त्याआधी लावलेलं असेल तर ते जुन्या पद्धतीनेच राहिलेलं असू शकतं. पण ती भोकं तुमच्या कामाला येतील अशी आशा धरू नका, ती ठराविक जुन्या मॉडेल्समध्ये होती.

पहिली पायरी: बिघडली आहे की नुसती लॉक झाली आहे ते बघा

हे आधी तपासायचं कारण म्हणजे लॉक झालेली ड्राइव्ह बिघडलेल्यासारखीच दिसते आणि लोक चांगली ड्राइव्ह दुरुस्तीला देतात.

ओपल लॉक असलेली ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावली तर कधीकधी फक्त १२८ एमबीची छोटीशी डिस्क दिसते. ती खराबी नाही, पासवर्ड विचारणारा प्रोग्राम ठेवायला ड्राइव्ह तेवढाच तुकडा दाखवते. पासवर्ड लावलेल्या पोर्टेबल एसएसडीचंही तसंच, छोटा भाग दिसतो आणि त्यात अनलॉक करायचं सॉफ्टवेअर असतं. बायोसमधला हार्ड डिस्क पासवर्ड असेल तर ड्राइव्हचं नाव आणि साइज बरोबर दिसते पण एकही सेक्टर वाचता येत नाही. इथे लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे काही लॅपटॉप तुमचा पासवर्ड जसाच्या तसा न पाठवता स्वतःच्या पद्धतीने बदलून ड्राइव्हला देतात, त्यामुळे तोच पासवर्ड दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर चालत नाही. तेव्हा आधी मूळ लॅपटॉपमध्येच लावून बघा.

आणि बायोस अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर रिकव्हरी की मागत असेल तर ड्राइव्ह ठणठणीत आहे, तुम्हाला फक्त की शोधायची आहे.

खरंच बिघडलेली असेल तर लक्षणं साधारण अशी दिसतात. नाव बरोबर, साइज बरोबर, पण कॉपी करताना अडकते, मध्येच गायब होते, किंवा काही लिहूच देत नाही. हा सगळ्यात बरा प्रकार, नँड झिजली की बऱ्याच ड्राइव्ह स्वतःहून फक्त वाचण्याच्या मोडमध्ये जातात आणि तेव्हा डेटा काढून घ्यायची संधी असते. दुसरा प्रकार म्हणजे नाव किंवा साइज विचित्र दिसणं. फायसनच्या एस११ कंट्रोलरवाल्या ड्राइव्ह फर्मवेअर गेलं की आपलं नाव सोडून "सॅटाफर्म एस११" असं दाखवतात. इंटेलच्या ३२० सिरीजमध्ये २०११ साली असा बग होता की पॉवर अचानक गेली की पूर्ण ड्राइव्ह फक्त ८ एमबीची दिसायची. अशा वेळी फायली आत असू शकतात, कंट्रोलर त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही एवढंच. तिसरा प्रकार, ड्राइव्ह कुठेच दिसत नाही, किंवा लावल्याबरोबर चटका बसेल इतकी गरम होते, तो बहुतेक करून बोर्डचा बिघाड.

बरं, डेटा चुकून डिलीट झालाय किंवा फॉरमॅट झालाय आणि ड्राइव्ह धडधाकट आहे, तर तो विषयच वेगळा. ट्रिम नावाची कमांड ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप पाठवते, त्यानंतर बहुतेक ड्राइव्ह त्या जागेवर शून्यच वाचून दाखवतात आणि आतला डेटा थोड्या वेळात खरोखर पुसला जातो. तिथे पटकन पॉवर काढणं हीच काय ती आशा.

दुसरी पायरी: किल्ली आधी, डेटा नंतर

ड्राइव्हला हात लावायच्या आधी सगळ्या किल्ल्या गोळा करा. हे मी परत परत सांगेन कारण लॅबने मेहनत करून पूर्ण ड्राइव्ह वाचून दिली आणि मग बिटलॉकरची की कुठेच नाही असं झालं की पुढे कोणीच काही करू शकत नाही.

बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकांची असते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर डिव्हाइस इन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, २०२४ च्या २४एच२ व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलेशनवर तर हे सर्रास होतं, आणि की त्याच अकाउंटमध्ये जमा होते. मोबाइलवरून अकाउंट उघडा, डिव्हाइसच्या यादीत बघा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर स्क्रीनवर जो की आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबरची घ्या. घरात लॅपटॉप दुसऱ्या कोणी सेटअप करून दिला असेल तर त्यांच्या अकाउंटमध्येही बघा, खूप वेळा तिथेच सापडते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. नाहीतर प्रिंट काढलेला कागद, जुना पेनड्राइव्ह, ईमेल, सगळं शोधा.

मॅकवर फाइलव्हॉल्टची रिकव्हरी की २४ अक्षरांची असते, ती नसली तरी लॉगिन पासवर्ड चालतो. लक्ससाठी पासवर्डबरोबर ड्राइव्हच्या सुरुवातीचा हेडर (किल्लीची माहिती असलेला भाग) पण लागतो, तो भाग खराब झाला आणि बॅकअप नसेल तर बरोबर पासवर्ड असूनही काही होत नाही.

एक नंबर असा आहे ज्याच्यापासून लांब राहायचं. बऱ्याच ओपल ड्राइव्हच्या लेबलवर पीएसआयडी म्हणून ३२ अक्षरांचा लांबलचक कोड छापलेला असतो. पासवर्ड विसरलात तर हा टाका असं कोणी सांगेल आणि खरंच ड्राइव्ह उघडेल, पण आतली किल्ली बदलून, म्हणजे जुना सगळा डेटा त्या क्षणी कायमचा गेला. सिक्युअर इरेजचंही तेच. यातून परत येणं कोणत्याही लॅबला शक्य नाही.

तिसरी पायरी: बाहेरचं बाहेर तपासून घ्या

सॅटा असेल तर केबल आणि पोर्ट बदला. पोर्टेबल असेल तर दुसरी, शक्यतो आखूड केबल घ्या आणि हबऐवजी थेट मशीनला लावा. एम डॉट टू (मदरबोर्डवर थेट बसणारी पट्टी) असेल तर ती सॅटाची आहे की एनव्हीएमईची (या दोन वेगळ्या जोडणीच्या पद्धती) ते बघूनच अडॅप्टर घ्या, चुकीच्या अडॅप्टरमध्ये चांगली ड्राइव्हही दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. ओपल पासवर्ड असेल तर यूएसबी अडॅप्टरमधून अनलॉकच्या कमांड बऱ्याचदा पुढे जात नाहीत, म्हणून शक्यतो मदरबोर्डवरच लावा.

पोर्टेबल ड्राइव्हचं कव्हर उघडून आतली एसएसडी दुसऱ्या केसमध्ये टाकायचा विचार असेल तर थांबा. काही एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये इन्क्रिप्शन ड्राइव्ह आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या ब्रिज चिपमध्ये असतं, तो मूळ बोर्ड फेकला तर त्याच्याबरोबर किल्लीही गेली. उघडलंत तरी प्रत्येक तुकडा जपून ठेवा.

आणि विंडोजवाल्या मशीनला लावल्यावर "डिस्क इनिशियलाइज करा" किंवा "फॉरमॅट करा" असं विचारलं तर कॅन्सल. चेक डिस्क चालवायची नाही. आजारी ड्राइव्हवर फर्मवेअर अपडेटही आपल्या मनाने नको.

चौथी पायरी: दिसत नसेल तर पॉवर सायकल

अचानक लाइट गेली, लॅपटॉप हँग झाला म्हणून बटण दाबून बंद केला, आणि नंतर ड्राइव्ह दिसेनाशी झाली, असं झालं असेल तर हा उपाय करण्यासारखा आहे. क्रुशल कंपनी स्वतः हा सांगते. डेस्कटॉप असेल तर सॅटाची डेटा केबल काढा आणि फक्त पॉवर केबल ठेवा, लॅपटॉप असेल तर बायोसच्या मेनूत जाऊन थांबा. २० मिनिटं नुसती पॉवर, मग बंद करून ३० सेकंद पॉवर पूर्ण काढा, परत २० मिनिटं. या वेळात कंट्रोलर आपला तक्ता परत जुळवायचा प्रयत्न करतो आणि कधीकधी जमतं. जमलं तर विंडोज चालू करून बसू नका, सरळ पुढच्या पायरीवर या.

ड्राइव्ह गरम होत असेल, जळका वास आला असेल किंवा प्रश्न डिलीट झालेल्या फायलींचा असेल तर हे अजिबात करायचं नाही.

पाचवी पायरी: इमेज काढा

ड्राइव्ह दिसतेय आणि थोडीफार वाचतेय, तर फायली उघडून बघत बसू नका, पूर्ण ड्राइव्हची बिट टू बिट इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. त्यासाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम वापरा. इमेज ठेवायला आजारी ड्राइव्हपेक्षा मोठी, चांगली डिस्क हवी.

सुरुवातीला स्मार्टसीटीएल नावाच्या प्रोग्रामने ड्राइव्हची तब्येत बघून घ्या, एनव्हीएमईमध्ये किती टक्के झीज झाली, किती राखीव जागा उरली, फक्त वाचण्याच्या मोडमध्ये गेली का हे कळतं. किती तास चालली आहे तेही बघा. हे तास फालतू नाहीत, क्रुशल एम४ ड्राइव्ह ५१८४ तास झाले की हँग व्हायला लागायची आणि २०१२ मध्ये फर्मवेअरने ते सुटलं, आणि २०१९ मध्ये एचपीईने सांगितलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तासांना बंद पडतील आणि मग डेटाही मिळणार नाही. अशी ड्राइव्ह बंद पडली नसेल तर इमेज काढून मग फर्मवेअर अपडेट हाच क्रम.

डीडीरेस्क्यू चालवताना तीन गोष्टी सांभाळा. मूळ ड्राइव्ह कुठली आणि इमेज कुठे लिहायची हे नावावर नाही तर साइज आणि सिरियल नंबरवर खात्री करून घ्या, उलटं झालं तर चांगला डेटा तुम्हीच पुसाल. मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) नक्की द्या आणि ती इमेजच्याच चांगल्या डिस्कवर ठेवा, म्हणजे ड्राइव्ह मध्येच गायब झाली तरी पॉवर काढून परत लावून जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. आणि पहिल्या फेरीत खराब भाग खरवडत बसू नये म्हणून स्क्रेपिंग बंद ठेवायचा पर्याय वापरा, आधी जेवढं सहज मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या, हट्टी जागा शेवटी. एकाच ठिकाणी सारखी अडकत असेल तर उलट्या दिशेने वाचून बघा.

एनव्हीएमई ड्राइव्ह सलग वाचताना चांगलीच तापते आणि तापून डिस्कनेक्ट होते, त्यामुळे एक छोटा पंखा वारा मारत ठेवला तरी फरक पडतो.

ओपल किंवा बायोसचा पासवर्ड असेल तर अनलॉक केल्यावरच इमेज निघेल, लॉक असताना ड्राइव्ह काही देतच नाही. बिटलॉकर, लक्सचं उलट, तिथे इमेज इन्क्रिप्टेडच काढा आणि कुलूप नंतर कॉपीवर उघडा. ड्राइव्ह लिनक्समध्ये माउंट करून (म्हणजे फायली दिसतील अशी जोडून) बघायचा मोह होतो, तो टाळा, नुसतं वाचायला माउंट केलं तरी काही फाइल सिस्टिम जर्नल दुरुस्त करायला आत लिहितात.

मोजक्याच फायली जीवनमरणाच्या असतील आणि ड्राइव्ह दोन मिनिटं चालून बंद पडत असेल तर मात्र तिथेच थांबा आणि लॅबला द्या, कारण त्या उरलेल्या मिनिटांचा लॅबवाले तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला उपयोग करतील.

सहावी पायरी: इमेज उघडा

आधी इमेजची अजून एक कॉपी करा आणि सगळे प्रयोग कॉपीवरच. बिटलॉकरची इमेज लिनक्सवर क्रिप्टसेटअपने उघडते, २०२० च्या २.३ व्हर्जनपासून त्यात सोय आली आहे, डिसलॉकर हा दुसरा पर्याय. सुरुवातीचा भाग खराब असेल तर विंडोजमध्ये रिपेअर बीडीई नावाचं टूल असतं, ते रिकव्हरी की घेऊन जेवढं जमेल तेवढं उघडून दुसऱ्या डिस्कवर लिहितं. त्या दुसऱ्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे मात्र ध्यानात ठेवा. उघडल्यावर फोल्डर नीट दिसले तर कॉपी करा, नाही दिसले तर टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर उघडलेल्या व्हॉल्यूमवर चालवा. इन्क्रिप्टेड इमेजवर ते चालवून काही निघत नाही, आणि तरीही लोक रात्रभर स्कॅन लावून ठेवतात आणि सकाळी शून्य फायली बघून ड्राइव्ह कामातून गेली असं समजतात.

इथपर्यंत जमलं नाही तर लॅब

बोर्डचा बिघाड म्हणजे नेमकं काय ते सांगतो. एम डॉट टू ड्राइव्हला ३.३ व्होल्ट मिळतात आणि त्या लाइनवर कनेक्टरच्या जवळ बारीक कपॅसिटर असतात, जेमतेम मिलिमीटरभर. त्यातला एक शॉर्ट झाला की पूर्ण ड्राइव्ह मेल्यासारखी वागते. मी असा बोर्ड मायक्रोस्कोपखाली पाहिलाय, कपॅसिटरच्या कडेला केसाएवढी चीर, मल्टिमीटर लावला की सरळ शॉर्टचा बीप, तो एक भाग काढला आणि ड्राइव्ह स्वतःच्या नावाने, पूर्ण साइजने परत दिसली. डेटाला काहीच झालेलं नव्हतं. पण हे हॉट एअर चालवायची सवय असलेल्या माणसाचं काम आहे, शेजारीच कंट्रोलर असतो आणि तो जास्त तापून गेला तर किल्लीसकट गेला. ओव्हनमध्ये भाजणं, फ्रीजरमध्ये ठेवणं असले उपाय व्हिडिओत दिसतात, ते इथे करू नका.

फर्मवेअर गेलेलं असेल तर लॅब वेगळ्या वाटेने जाते. बोर्डवरचे ठराविक पॉइंट शॉर्ट करून ड्राइव्ह टेक्नो मोडमध्ये उठवतात, म्हणजे कंट्रोलर नँडमधलं बिघडलेलं फर्मवेअर न घेता थांबून राहतो, मग एस लॅबच्या पीसी-३००० सारख्या टूलने त्याच्या मेमरीत तात्पुरता लोडर चढवतात, ट्रान्सलेटर नव्याने बांधतात आणि त्याच कंट्रोलरच्या एईएस इंजिनातून डेटा वाचून घेतात. हे सगळ्या कंट्रोलरसाठी होत नाही, ज्यांचा सपोर्ट टूलमध्ये आहे त्यांच्यासाठीच होतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या ड्राइव्हच्या अमुक कंट्रोलरला तुमच्याकडे सपोर्ट आहे का.

दुसरा प्रश्न, इन्क्रिप्शन असेल तर काय करता. उत्तर "चिप काढून वाचतो" एवढंच आलं तर नम्रपणे नको म्हणा, चिप काढून परत बसवताना बोर्डची वाट लागली तर चांगल्या लॅबलाही मग काही करता येत नाही. तिसरा, डेटा नाही मिळाला तर पैसे किती, आणि पैसे द्यायच्या आधी फायलींची यादी दाखवाल का. क्लीन रूमचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा, ती हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकड्यांसाठी लागते, एसएसडीत उघडं पडण्यासारखं काही फिरतच नाही. आणि आधी काय काय करून पाहिलंत ते सगळं खरं सांगा, लपवलंत तर त्यांचा वेळ जातो आणि तुमचा डेटा.

वॉरंटीत बदलून मिळेल म्हणून ड्राइव्ह कंपनीला पाठवू नका, नवीन ड्राइव्ह मिळते, जुनीतला डेटा नाही. डेटा हवा असेल तर आधी रिकव्हरी, वॉरंटी नंतर.

निर्णय घ्यायला महिना लागला तरी चालेल पण ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवू नका. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे आयुष्य संपत आलेल्या साध्या एसएसडीने पॉवरशिवाय ३० अंश तापमानात १ वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा असते, आणि गरम जागेत तो लवकर उडतो. थंड, कोरडी जागा बघा आणि अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा.

मॅकवाल्यांसाठी वेगळं

ॲपलची सुरक्षेची टी२ चिप असलेले मॅक आणि एम१ पासूनचे सगळे, यांच्यात स्टोरेजचा कंट्रोलर त्या टी२ किंवा एम चिपच्या आतच असतो आणि किल्ली त्या चिपमध्ये कोरलेल्या एका आयडीशी बांधलेली असते. फाइलव्हॉल्ट बंद असलं तरी नँड इन्क्रिप्टेडच. त्यामुळे नँड काढून दुसऱ्या मॅकवर लावून काहीही होत नाही, तोच लॉजिक बोर्ड जिवंत करावा लागतो. फक्त स्क्रीन गेली असेल तर काळजी करू नका, बाहेरचा मॉनिटर लावून किंवा एम सिरीजवर शेअर डिस्कने डेटा काढता येतो. आणि मशीन डीएफयू (फर्मवेअर परत टाकायच्या) मोडमध्ये अडकली असेल तर ॲपल कॉन्फिगरेटरमध्ये दोन पर्याय येतात, रिव्हाइव्ह आणि रिस्टोअर. रिव्हाइव्ह डेटाला हात लावत नाही, रिस्टोअर सगळं पुसतं. सर्व्हिस सेंटरला मशीन देताना "डेटा हवा आहे, रिस्टोअर करू नका" हे जॉब शीटवर लिहूनच घ्या, कारण त्यांचं काम मशीन चालू करून देणं हे आहे आणि बोर्ड बदलला की डेटाचा विषय संपतो.

डेटा हातात आल्यावर

लगेच जुनी ड्राइव्ह फेकू नका. काढलेल्या फायलींमधल्या मोठ्या, महत्त्वाच्या फायली प्रत्यक्ष उघडून बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा, डेटाबेस असेल तर तो चालवून बघा. फाइलचं नाव आणि साइज बरोबर असून आतमध्ये नुसती शून्यं भरलेली असतात असं खराब सेक्टरमुळे होतं. डीडीरेस्क्यूची मॅप फाइल असेल तर न वाचलेला भाग किती राहिला ते त्यातून कळतं.

सगळं तपासून झालं, दोन ठिकाणी कॉपी झाली, मग जुनीची विल्हेवाट. ती अजून ओळखली जात असेल तर आता तो लेबलवरचा पीएसआयडी कोड बिनधास्त वापरा किंवा सिक्युअर इरेज चालवा, क्षणात किल्ली बदलते आणि आतलं कोणालाच वाचता येत नाही. ओळखलीच जात नसेल तर बोर्डवरच्या कंट्रोलरसकट सगळ्या चिप्स फोडून मग ई-कचऱ्यात द्या, कारण जो बोर्ड तुम्हाला उठवता आला नाही तो दुसऱ्या कोणाच्या हातात एक कपॅसिटर बदलून उठू शकतो.